काचपट्टीचा प्रवास

अहेरीजवळ देवलमरीला प्राणहितेच्या पात्रात खडकांचा लांबलचक पट्टा आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज इंजिनिअरांच्या लेखी तो होता गोदावरीच्या जलमार्गातला ‘तिसरा अडथळा’. सर आर्थर कॉटन यांना समुद्रापासून थेट वर्धा नदीपर्यंत बोटी न्यायच्या होत्या. वऱ्हाडचा कापूस नदीत उतरवायचा आणि पूर्व किनाऱ्यावर जहाजात चढवायचा, असा बेत. वाटेत तीन खडकाळ टप्पे आडवे येत होते: दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि ही देवलमरी. बंधारे घालून आणि बाजूने कालवे काढून ते ओलांडायचे होते. काम कॅप्टन हेग यांच्याकडे सोपवलं गेलं. निजामाकडून १८६० मध्ये हाती आलेल्या मुलखाचा अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा झाला आणि त्याची कचेरी सिरोंच्याला बसली. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल या योजनेच्या पाठीशी उभे होते.

१८७१ मध्ये हे सगळं सोडून देण्यात आलं. खर्च फुगत गेला होता आणि तोवर रेल्वे नागपुरात येऊन दाखल झाली होती. पण या खोऱ्यात कामाचे महिनेच मुळात थोडे होते, हेही विसरून चालणार नाही. पावसाळ्यात नदी काही करू देत नसे. पाणी ओसरलं की तापाचे दिवस सुरू होत आणि थंडी चांगली पडेपर्यंत ते सरत नसत. १८७४ मध्ये तो जिल्हाही मोडला आणि सिरोंचा तहसील चांद्याला जोडली गेली.

या मुलखाचा ताप साहेबांना ठाऊक होता. जंगलातले दौरे ते थंडीतच काढत, पावसाळ्याच्या शेवटी इकडे फिरकत नसत. कुजणाऱ्या पाल्यातून आणि दलदलीतून विषारी वाफ निघते, ती अंगात भिनली की हुडहुडी भरते, असं त्या वेळचं वैद्यक सांगे. दलदल, पावसाचा शेवट, रात्रीची वेळ या सगळ्या खुणा बरोबर होत्या. मधला दुवा तेवढा हाती लागला नव्हता. इथल्या माडिया आणि गोंड माणसांनाही तापाचा हंगाम पक्का माहीत होता. त्यांना जंगल सोडून थंडीपर्यंत कुठे जाऊन राहायची सोय नव्हती, एवढाच साहेबांत आणि त्यांच्यात फरक. आत्राम घराण्याची अहेरीची जमीनदारी चांद्याच्या जमीनदाऱ्यांत सर्वांत मोठी, अडीच हजार चौरस मैलांहून अधिक पसरलेली. तिच्या सागवानाचा हिशेब ठेवला जाई. तापाने गेलेल्या माणसांचा हिशेब मात्र कुठल्याही वहीत नीट सापडत नाही. पटकी आणि देवी या रोगांची वेगळी नोंद होई, कारण ते ओळखू येत. उरलेलं बरंच काही ‘ताप’ या एकाच रकान्यात जाई.

तो मधला दुवा सापडला तो अहेरीपासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आत. प्राणहितेचा पलीकडचा काठ निजामाचा, आणि त्याच निजामाच्या राज्यातल्या सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस हा लष्करी डॉक्टर डास चिरत बसला होता. मलेरियाच्या तापकऱ्याच्या रक्तात परजीवी असतो, हे लाव्हरां या फ्रेंच डॉक्टरने १८८० मध्ये अल्जीरियात पाहिलं होतं. तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, हे कोडं मात्र सुटत नव्हतं. रॉसने हुसेन खान नावाच्या रुग्णाला डासांकडून चावून घ्यायला लावलं. एका डासामागे एक आणा ठरला होता. २० ऑगस्ट १८९७ रोजी, चार दिवसांपूर्वी त्याचं रक्त प्यालेल्या ठिपकेदार पंखांच्या एका डासाच्या जठरात रॉसला काळ्या कणांच्या गोल पेशी दिसल्या. ते कण मलेरियाच्या परजीवीचे होते. पुढच्या वर्षी कलकत्त्यात पक्ष्यांच्या मलेरियावर काम करताना त्याने हा प्रवास डासाच्या लाळग्रंथींपर्यंत नेऊन दाखवला. माणसाचा मलेरिया अ‍ॅनॉफिलिस जातीची मादी पसरवते, हे इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्कं केलं. १९०२ मध्ये रॉसला नोबेल मिळालं.

अहेरीच्या जंगलात या रोगाचं काम दोन जातींचे डास करतात. अ‍ॅनॉफिलिस फ्लुव्हिअ‍ॅटिलिसला स्वच्छ, संथ वाहतं पाणी लागतं. पावसाळा सरल्यावर नाल्यांच्या कडेला, गवताच्या आधाराने त्याच्या अळ्या वाढतात आणि माणसाच्या रक्ताची त्याला विशेष ओढ असते. दुसरा क्युलिसिफेसीस. तो डबकी, धानाच्या बांध्यांमधले पाट, नदीच्या वाळूत साचलेलं पाणी अशा जागी वाढतो. गटारं साफ केली की मलेरिया जातो, हे शहरातलं शहाणपण इथे लागू पडत नाही. गावाचं पिण्याचं पाणी ज्या निर्मळ नाल्यातून येतं, त्याच्याच काठाला हा डास वाढतो. नाले बुजवता येत नाहीत आणि जंगलाला झाकण घालता येत नाही.

म्हणजे उरतात दोन मार्ग: डासाला घरात गाठायचं किंवा परजीवीला माणसाच्या रक्तात. दोन्हींसाठी लागणारी हत्यारं जगाकडे होती. अहेरीच्या इतिहासात सगळा प्रश्न ती इथवर वेळेवर येण्याचा आहे.

पहिलं हत्यार क्विनाइन. सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० मध्ये पॅरिसमध्ये वेगळं काढण्यात आलं. निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरात सरकारने सिंकोनाचे मळे लावले. १८९२ पासून बंगालमध्ये टपाल कचेरीतून क्विनाइनच्या पुड्या पैशाला एक याप्रमाणे विकल्या जाऊ लागल्या आणि पुढे इतर प्रांतांनी ती पद्धत उचलली. कल्पना चांगली होती, पण तिला आधी टपाल कचेरी हवी. जिथे डाकच जात नाही, त्या गावात पुडी कशी जाणार? शिवाय ते औषध कडूजहर. दोन दिवसांत ताप उतरला की माणूस ते बाजूला ठेवी, आणि रक्तात उरलेला परजीवी पुन्हा वाढे.

दुसरं हत्यार डीडीटी. त्याचा कीटकनाशक गुण पाउल म्युलर यांनी स्वित्झर्लंडमध्ये १९३९ मध्ये ओळखला. महायुद्ध संपताना ही पांढरी भुकटी भारतात आली आणि १९४५-४६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या कारवार आणि धारवाड जिल्ह्यांत डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी घरांच्या भिंतींवर ती फवारून पाहिली. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, तिथेच तिला विष लागतं, असं यामागचं साधं गणित. परिणाम इतका स्पष्ट होता की १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि त्यातले आठ लाख दगावतात, असा अंदाज होता. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावात ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. १९६५ मध्ये देशभरात फक्त लाखभर रुग्ण नोंदले गेले आणि मृत्यू एकही नाही.

हे यश खरं होतं आणि त्यामागे हजारो फवारणी कामगारांचे कष्ट होते. तरी त्या शून्यात बांडिया आणि पर्लकोटा नद्यांपलीकडची गावं किती धरली होती, हा प्रश्न मला सोडत नाही. नोंदच झाली नाही तर मृत्यू कागदावर येत नाही.

भिंतीचं ते गणित इथे कुठे कुठे अडलं, हे माडियांचं घर पाहिलं की कळतं. बऱ्याच घरांच्या भिंती म्हणजे बांबूच्या कामट्यांचा कूड. काही लिंपलेला, काही तसाच, हवा खेळती राहील असा. औषध मारायला सलग पृष्ठभाग नाही. जिथे लिंपण आहे तिथे सणावाराला नव्या मातीचा हात फिरतो आणि खालचं औषध झाकून जातं. उन्हाळ्यात माणसं अंगणात झोपतात. धान पिकू लागलं की राखणीला शेतातल्या माळ्यावर रात्र काढतात. तेंदूच्या हंगामात आणि बांबूकटाईला जंगलातच मुक्काम पडतो. बल्लारपूरच्या कागद गिरणीला लागणारा बांबू तोडायला मजुरांच्या टोळ्या येत-जात राहिल्या आणि त्यांच्या रक्तातून परजीवी एका जंगलातून दुसऱ्या जंगलात गेला. फवारलेली भिंत घरी उभी आणि माणूस मात्र उघड्यावर.

निर्मूलनाच्या काळातली दुसरी बाजू होती रक्ततपासणीची. मलेरिया कर्मचाऱ्याने दर पंधरवड्याला प्रत्येक घरी जायचं आणि ताप असलेल्याचं रक्त घ्यायचं. डाव्या हाताच्या अनामिकेला स्पिरिटचा बोळा, सुई टोचायची, पहिला थेंब पुसायचा. मग काचपट्टीच्या एका बाजूला तीन-चार थेंब मिसळून जाडसर टिकली आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या काचेच्या कडेने ओढलेला पातळ जिभेसारखा थर. तो वाळला की त्यावरच पेन्सिलीने नंबर. ओली काच सपाट धरून सुकवायची, कागदात गुंडाळायची. पावसाळ्यात ती धड वाळत नाही, आणि वाळेपर्यंत मुंग्या-माश्या रक्त खाऊन टाकतात. मग ही काच पिशवीतून, सायकलवरून, डोंग्यातून, जमेल त्या वाहनाने प्रयोगशाळेकडे निघे. तिथे तंत्रज्ञ ती जेएसबी रंगात बुडवी. हा स्वस्त रंग जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या दोघांनी आपल्याच देशात तयार केला होता. मग सूक्ष्मदर्शकाखाली जाड टिकलीची शंभर क्षेत्रं, एकामागून एक. अशा काचांचा रोजचा ढीग पुढ्यात असे. या कामाचं मोल फार कमी लोकांना कळलं आहे.

रक्त घेतानाच रुग्णाला क्लोरोक्विनच्या चार गोळ्या दिल्या जात. याला गृहीत उपचार म्हणत, म्हणजे मलेरिया असावा असं धरून चालायचं. काचेवर परजीवी सापडला की कर्मचारी पुन्हा त्या घरी जाऊन प्रायमाक्विनसह समूळ उपचार देई. रस्त्यावरच्या गावात हे चक्र आठवड्यात पुरं होई. भामरागड-एटापल्लीच्या आतल्या टोल्यांवर उत्तर यायला कित्येक आठवडे जात, आणि पूर आला तर त्याहून जास्त.

एवढी सवड मलेरियाच्या परजीवीची फॅल्सिपॅरम ही जात देत नाही. दुसरी जात व्हायवॅक्स. तो माणसाला पिळून काढतो, यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा उठतो, पण सहसा मारत नाही. फॅल्सिपॅरम दडत नाही. दर अठ्ठेचाळीस तासांनी तो रक्तपेशी फोडून अनेक पटींनी वाढतो. त्याने ग्रासलेल्या पेशी मेंदूच्या बारीक वाहिन्यांत चिकटून त्या तुंबवतात. मूल सकाळी तापाने फणफणलेलं असतं, संध्याकाळी झटके येतात, आणि रात्रीतून ते हाताला लागत नाही. ‘पीएफ निघाला’, म्हणजे फॅल्सिपॅरम सापडला, हा निरोप घेऊन कर्मचारी परतला की दार उघडणारं माणूसच सांगे की आता औषध कुणाला देणार.

म्हणून आजाऱ्याला आधी पुजाऱ्याकडे नेण्याबद्दल माडियांना नावं ठेवणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुजारी गावात होता, रात्री उठून येत होता आणि त्यांच्या भाषेत बोलत होता. दवाखाना दोन नद्यांपलीकडे.

२३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी हेमलकसा इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. पुढच्या वर्षी डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले. वीज नाही, पावसाळ्यात बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. सुरुवातीला माडिया त्यांच्यापासून लांबच राहत. डॉक्टरांनी आधी माडिया भाषा शिकून घेतली. मग पेशंट येऊ लागले, खाटेला बांबू बांधून, चार-चार खांद्यांवर, नाले ओलांडत. त्यांत मेंदूच्या मलेरियाचे रुग्ण असत. बेशुद्ध आलेला माणूस शिरेतून क्विनाइन गेल्यावर डोळे उघडतो आणि काही दिवसांनी पायी घरी जातो, हे गावाने पाहिल्यावर वेगळा प्रचार लागला नाही. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट दिसते ती अशी: रक्त, काच, उत्तर आणि औषध हे सगळं पहिल्यांदाच जंगलाच्या आत एका जागी आलं.

हे होत असतानाच देशभर मलेरिया उलटला होता. क्युलिसिफेसीस डासाला डीडीटीची सवय झाली होती. यश मिळालं म्हणून लक्ष आणि पैसा दोन्ही आटले होते. १९७६ मध्ये रुग्णसंख्या ६४ लाखांवर गेली. आसामात १९७३ मध्येच क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपॅरम सापडला होता आणि पुढच्या वर्षांत तो मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात उतरला. १९७७ मध्ये निर्मूलनाचं स्वप्न बाजूला ठेवून सुधारित योजना आली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला, तेव्हा मलेरियाचा सर्वांत अवघड भाग त्याच्या वाट्याला आला.

या रोगाचं इथलं वास्तव्य किती जुनं आहे, याचा एक पुरावा माणसांच्या रक्तातच आहे. गडचिरोली-चंद्रपूरच्या आदिवासींमध्ये सिकलसेलचं जनुक बऱ्यापैकी आढळतं. आईबापांपैकी एकाकडून ते आलं तर मूल फॅल्सिपॅरमच्या तडाख्यातून वाचण्याची शक्यता वाढते. अ‍ॅन्थनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवलं. दोघांकडून आलं तर मात्र आयुष्यभर सांधेदुखी, रक्तक्षय, पुनःपुन्हा दवाखाना. पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाने मुलं नेली, म्हणूनच हे जनुक टिकलं. जमीनदारीच्या आणि जिल्ह्याच्या वह्यांत जे मृत्यू लिहिले गेले नाहीत, त्यांची नोंद या रक्तात राहिली.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत आले आणि ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्यदूत तयार करण्याचा मार्ग धरला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं आणि गावोगावी आशा कार्यकर्त्या नेमल्या गेल्या. त्याच सुमाराला दोन नवी साधनं हाती आली. एक म्हणजे झटपट तपासणीची पट्टी. बोटाचा एक थेंब, वर द्रावणाचे काही थेंब, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेषा उमटते: एक असेल तर परजीवी सापडला नाही, दोन असतील तर सापडला. वीज नको, सूक्ष्मदर्शक नको. दुसरं साधन आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधं. व्हिएतनामच्या युद्धकाळात चीनमध्ये १९६७ साली गुप्तपणे सुरू झालेल्या संशोधनात तू यूयू यांनी एका जुन्या वनौषधीतून हे द्रव्य काढलं, आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. फॅल्सिपॅरमसाठी तीन दिवसांचा हा कोर्स वयानुसार वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत येतो, म्हणजे अक्षरओळख नसली तरी लहान मुलाचं पाकीट चुकत नाही.

ज्या उत्तरासाठी काचपट्टी आठवडेच्या आठवडे फिरत असे, ते आता आशाच्या पडवीत चहा उकळेपर्यंत मिळतं. जोडीला कीटकनाशक धाग्यातच मुरवलेल्या मच्छरदाण्या आल्या. त्यांची ताकद तीनेक वर्षं आणि वीसेक धुण्यांपुरती टिकते. मच्छरदाणी शेतातल्या माळ्यावर नेता येते, जंगलातल्या मुक्कामात झाडाला बांधता येते. कुडाच्या भिंतीला जे जमलं नाही ते तिला जमतं.

तरी मलेरिया गेलेला नाही. २०२१ मध्ये महाराष्ट्रात १९ हजारांवर रुग्ण सापडले, त्यांतले १२ हजारांवर एकट्या गडचिरोलीचे. आशाकडची किट संपते, पावसाळ्यात ती वेळेवर येत नाही. व्हायवॅक्ससाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी ताप गेलेला असतो. शिवाय ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी असतं, त्यांच्या तांबड्या पेशी या गोळीने फुटू शकतात, म्हणून ‘लघवी काळी झाली तर गोळी थांबव आणि कळव’ हे प्रत्येक रुग्णाला त्याच्या भाषेत सांगावं लागतं.

सर्वांत अवघड आहेत ते ताप नसलेले रुग्ण. लहानपणापासून पुनःपुन्हा मलेरिया झालेल्या प्रौढांच्या अंगात परजीवी थोड्या प्रमाणात असतो, ते धडधाकट दिसतात, कामाला जातात आणि डासाला परजीवी पुरवत राहतात. आजवरची सगळी व्यवस्था तापकऱ्याची वाट पाहत बसणारी होती, या माणसांना ती कधी भेटलीच नाही. इंद्रावतीपलीकडे छत्तीसगडने जानेवारी २०२० पासून ‘मलेरियामुक्त बस्तर’ मोहिमेत घरटी प्रत्येकाचं रक्त तपासायला सुरुवात केली, ताप असो वा नसो. ओडिशातही दुर्गम पाड्यांवर तसंच काम झालं आहे. इंद्रावतीच्या दोन्ही काठांवर नातेगोती आहेत, बाजार एक आहेत, सोयरिकी होतात. एका काठावर परजीवी शोधला आणि दुसऱ्यावर राहू दिला तर काही महिन्यांत तो परत येतो. देशाने २०३० पर्यंत मलेरिया संपवायचं ठरवलं आहे. त्यासाठी भामरागडच्या आतल्या टोल्यावर कुणालातरी पावसाआधी चालत जावं लागेल, आणि ज्याला काहीच होत नाही अशा माणसाला, तो समजेल अशा माडियात, बोट पुढे करायला सांगावं लागेल.